एका दिवसाचे मथळे

जुन्या वृत्तपत्रांचे मथळे वाचताना जे निर्मळ हसू येते, त्यात गतकाळाविषयीचा जिव्हाळा पुष्कळ असतो. त्याच जिव्हाळ्यातून आम्ही हा अंक सिद्ध केला आहे. ३ नोव्हेंबर १९४८ चा दिवस घ्या. छापखान्यातील कामगारांच्या संपामुळे मजकूर नेहमीपेक्षा बराच आधी छपाईस देणे भाग पडलेल्या ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीची मतमोजणी चालू असतानाच, ‘ड्यूईंकडून ट्रूमन पराभूत’ असा ठसठशीत मथळा देऊन टाकला; त्या धांदलीत एका स्तंभातील पाच ओळी चक्क उलट्या छापल्या गेल्या, आणि विजयी ट्रूमन यांनी सेंट लुईच्या रेल्वेस्थानकावर तोच अंक दोन्ही हातांनी उंच धरून मनमुराद हसत छायाचित्रकारांस दाखविला. आज खातरजमा होण्यापूर्वीच बातमी हातातील मोबाइलवर दाखल होते, म्हणून त्या रात्रीची हकीकत आम्हांस अधिकच मोलाची वाटते. पुढील पानांत मथळ्यांइतकीच जागा आम्ही कोपऱ्यातील जाहिराती, बाजारभाव आणि जाहीर नोटिसा यांना दिली आहे. खरा काळ तिथेच सापडतो, असे आमचे मत आहे. आपल्या घरी ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला एखादा पिवळा पडलेला अंक असेल, तर त्यावरील तारीख व मथळा आम्हांस अवश्य लिहून कळवावा.