स्वस्त डिझेल नेमके कुठे मिळते?

डिझेल लिटरला 90 रुपयांच्या पुढे गेल्यापासून सीमाभागातील शेतकऱ्यांचा एक प्रश्न हमखास येतो : ‘साहेब, पलीकडच्या राज्यात स्वस्त आहे, कॅन भरून आणू का?’

दर वेगळे का, ते आधी पाहू. डिझेल अजून जीएसटीबाहेर आहे. केंद्राचे उत्पादन शुल्क देशभर सारखे, पण व्हॅट प्रत्येक राज्य आपापला लावते. 2022 च्या मे महिन्यात केंद्राने लिटरमागे 6 रुपये आणि जुलैमध्ये राज्याने 3 रुपये कमी केले. एकाच जिल्ह्यात मात्र फरक असतो तो बहुतेक डेपोपासूनच्या वाहतुकीचा, म्हणजे पैशांतला. त्यासाठी पंप शोधत फिरण्यात हशील नाही.

आता सीमेपलीकडचा हिशेब. फरक 3 रुपये धरा, पंप 20 किलोमीटरवर. ट्रॅक्टरच्या 60 लिटरच्या टाकीमागे वाचले 180 रुपये. जाऊन-येऊन दोन तासांत रिकामा ट्रॅक्टरही 6 लिटर पितो, म्हणजे 540 रुपये गेले. मोटारसायकलवर 35 लिटरचा कॅन आणला तर 105 रुपये वाचतात, त्यातले 80 च्या आसपास पेट्रोलला जातात. उरलेल्या पंचवीस रुपयांसाठी अर्धा दिवस मोडायचा का, हे तुम्हीच ठरवा. दुसऱ्या कामाने तिकडे जाणे झालेच तर टाकी भरून घ्या, हरकत नाही.

खरा धोका वेगळाच आहे. रस्त्याकडेला टँकरमधून बिलाशिवाय ‘बायोडिझेल’ म्हणून विकले जाणारे तेल. खरे बायोडिझेल वाईट नाही. 2019 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ते डिझेलमध्ये मिसळण्यासाठी, परवानगी घेऊनच विकता येते. या टँकरमध्ये काय आहे ते मात्र विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका ऊस उत्पादकाने लिटरला पंधरा रुपये वाचवले आणि ऐन लागणीत फ्युएल पंप बसला. दुरुस्तीचे बिल वर्षभराच्या बचतीपेक्षा मोठे निघाले आणि सरीही उशिरा पडली. पंपावर शंका आली तर घनता आणि पाच लिटरचे माप तपासून मागा, तो आपला हक्क आहे.

बचतीला जास्त वाव शेतातच आहे. चाक किती घसरते ते मोजा : मागच्या चाकावर खडूची खूण करा, अवजार उचलून दहा फेऱ्यांत किती अंतर जाते ते पाहा, मग त्याच शेतात अवजार लावून. 40 मीटरचे 34 झाले तर घसरण 15 टक्के. त्यापुढे डिझेल मातीतच जिरते. वजन वाढवा, टायरमधील हवा शेतकामाच्या दाबावर आणा किंवा खोली कमी करा. वापसा नसताना रोटाव्हेटर घालणे हा तर दुहेरी तोटा, डिझेल जास्त आणि ढेकळे तशीच. काळा धूर दिसला की आधी एअर फिल्टर उघडा. बांधावर गप्पा मारताना इंजिन चालू ठेवण्याची सवय मोडा. तासाला लिटरभर तरी जातेच.

भातपट्ट्यात सगुणा राइस तंत्राने गादीवाफे एकदाच करून पुढची नांगरणी-चिखलणी टाळणारे शेतकरी आहेत. सुरुवातीला अर्ध्या एकरावर करून पाहा, तणाचे नियोजन जमले तरच वाढवा.

आणि पाणी अजून डिझेल इंजिनवर उपसत असाल, तर 5 एचपीला तासाला साधारण लिटरभर लागते. रोज सहा तास, महिन्यात वीस दिवस धरले तर 10 हजारांच्या वर जातात. सौर कृषिपंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के आहे. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 एचपी मिळतो. अर्ज करण्याआधी उन्हाळ्यात विहिरीचे पाणी किती खोल जाते ते मोजून ठेवा, पंपाची निवड त्यावरच ठरते.