पोट्ट्यांच्या रॅपला बंदी नको, इस्लाह हवी

नागपुरातल्या कोणत्याही शाळेत नववी-दहावीच्या वर्गात मागच्या बाकावरची वही उघडून पाहा. गणिताच्या शेवटच्या पानांवर यमक जुळवलेल्या ओळी सापडतील. काही हिंदीत, काही वऱ्हाडी-नागपुरीत, काहींमध्ये उर्दूचे चांगले शब्द. मोमीनपुरा असो की टेका, जाफरनगर असो की ताजबाग, आपले पोट्टे आज गझल कमी आणि रॅप जास्त लिहितात. घरात मात्र यावर दोनच प्रतिक्रिया दिसतात. एक, "हे बंद कर, नाहीतर मोबाईल फोडीन." दुसरी, "करू द्या हो, उद्या एमसी स्टॅन झाला तर?" आम्ही शिक्षक म्हणून या दोन्हींच्या मध्ये उभे आहोत. आणि आम्हांला वाटते की दोन्ही प्रतिक्रिया मुलाला एकटे पाडतात.

मुळात हे प्रकरण आहे तरी काय? 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, जमैकातून आलेल्या कुटुंबातल्या डीजे कूल हर्क या तरुणाने एका इमारतीतल्या पार्टीत गाण्यातला फक्त तालाचा तुकडा लांबवून वाजवला. हिप हॉपचा जन्म तिथला मानतात. गरीब, काळ्या आणि स्थलांतरित वस्तीची ती कला. त्यातल्याच नाचाला, म्हणजे ब्रेकिंगला, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळ म्हणून जागा मिळाली. आपल्याकडे कुर्ल्याच्या नेझीने 2014 मध्ये आयपॅडवर ‘आफत’ हे गाणे केले, 2019 मध्ये ‘गली बॉय’ आला आणि धारावी, अंधेरी, कुर्ल्याची गल्ली देशभर पोचली. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा अल्ताफ, म्हणजेच एमसी स्टॅन, 12 फेब्रुवारी 2023 ला ‘बिग बॉस’ जिंकला. आपल्या विदर्भातून अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, ‘हंड्रेड आरबीएच’, टीव्हीवरच्या ‘हसल’मध्ये पोचला. मुलांना वाट दिसली ती अशी.

मुकाबला आपल्याला नवा नाही

अनेक वालिदैन म्हणतात, ही पाश्चात्त्य घाण आहे. जरा थांबू या. समोरासमोर उभे राहून ओळींनी एकमेकांना हरवणे आपल्या मातीत जुनेच आहे. कव्वालीचे मुकाबले आपल्या आजोबांनी रात्र-रात्र ऐकले. उर्दूत हजो आहे, तमाशात सवाल-जवाब आहेत. नागपुरात तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते आणि बडग्यांच्या रूपात पुढाऱ्यांची, महागाईची, भ्रष्टाचाराची भर रस्त्यात खिल्ली उडवली जाते. हे शतकाहून अधिक काळ चालू आहे आणि शहराला त्याचा अभिमान आहे.

आणि शाहीर अमर शेख? बार्शीचे मेहबूब. आई मुनेरबीच्या ओव्या ऐकत वाढलेला हा माणूस अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकात उभा राहिला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज गावोगाव पोचला. त्या कलापथकावर त्या वेळच्या मुंबई सरकारने बंदीही घातली होती. म्हणजे गरिबाच्या पोराने डफ हातात घेऊन सत्तेला प्रश्न विचारणे आणि सत्तेने चिडणे, दोन्ही गोष्टी महाराष्ट्राने पाहिलेल्या आहेत.

फरक एकच, पण मोठा आहे. अमर शेखांच्या मागे कलापथक होते, संघटना होती, चूक दाखवणारे साथी होते. आपला पोट्टा गच्चीवर एकटा आहे. इयरफोनच्या माईकवर रेकॉर्ड करतो, इंटरनेटवरून बीट उचलतो आणि रात्री दोन वाजता अपलोड करतो. मध्ये त्याच्या ओळी वाचणारे कोणीच नाही.

एका अपलोडची किंमत

हे एकटेपण किती महाग पडू शकते, ते महाराष्ट्राने एप्रिल 2023 मध्ये पाहिले. छत्रपती संभाजीनगरकडचा राज मुंगासे याच्यावर ‘पन्नास खोक्यां’च्या गाण्यावरून अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. मुंबईच्या उमेश खाडेवर जनतेच्या हालांवरच्या गाण्यावरून वडाळ्यात गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात पुण्यात विद्यापीठाच्या इमारतीत चित्रित केलेल्या एका रॅपवरून, त्यातल्या शिवीगाळीमुळे आणि शस्त्रांच्या प्रदर्शनामुळे, तिसरा गुन्हा नोंदला गेला. बाहेरून तिन्ही सारखे दिसतात, पण ते सारखे नाहीत. पहिल्या दोघांनी राजकारणावर टीका केली. तिसऱ्यात तलवार-पिस्तुलाचा देखावा होता. हा भेद मुलांना कोण समजावून सांगणार?

त्याआधी, मार्च 2023 मध्ये, एमसी स्टॅनचा इंदूरचा कार्यक्रम करणी सेनेच्या कार्यकर्त्यांनी शिव्यांचा मुद्दा काढून उधळला होता. लगेच 18 मार्चला ठरलेला नागपूरचा कार्यक्रमही झाला नाही. तिकीट काढून बसलेली पोरे हिरमुसली. इतक्या मोठ्या नावाला जे संरक्षण मिळाले नाही, ते गल्लीतल्या पोराला मिळेल अशा भ्रमात राहू नये.

आणि नागपूरकरांना 17 मार्च 2025 ची रात्र विसरता येणार नाही. महाल, हंसापुरीत जे घडले, त्यानंतरची संचारबंदी, धरपकड, सोशल मीडियावरच्या मजकुरावरून नोंदले गेलेले गुन्हे. त्या दिवसांत कितीतरी मायमाउल्यांनी मुलांच्या हातातून मोबाईल काढून घेतले. त्यांना दोष कोण देणार? रागात लिहिलेल्या चार ओळींवर कोणता अर्थ लावला जाईल याची खात्री तेव्हा कोणालाच नव्हती. आपल्या मुलाचे नाव पाहून तो अर्थ आणखी वाकडा लावला जाईल ही भीतीही घराघरात होती, आहे.

पण त्याच महिन्यात, 28 मार्च 2025 ला, सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले शायर-खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेच्या व्हिडिओवरून गुजरातेत जामनगरला गुन्हा नोंदला होता. न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी तो रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : शब्दांचा परिणाम कमकुवत मनाच्या, प्रत्येक गोष्टीत धोका पाहणाऱ्या माणसाच्या नजरेतून मोजायचा नाही. तो विवेकी, खंबीर मनाच्या माणसाच्या कसोटीवर मोजायचा. शिवाय बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार आली आणि त्या गुन्ह्याची शिक्षा तीन ते सात वर्षांच्या दरम्यान असेल, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) प्रमाणे पोलिसांनी आधी 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करणे सर्वसाधारणपणे योग्य ठरेल.

हा निकाल म्हणजे काहीही बोलायचा परवाना नाही. पण सरकारवर टीका करणे, आपल्या वस्तीतल्या नाल्याबद्दल, बेरोजगारीबद्दल, भेदभावाबद्दल गाणे हा गुन्हा नाही, हे मुलांना आणि पालकांनाही ठाऊक हवे. एखाद्या धर्माचा, जातीचा अपमान, कोणाला धमकी, हत्याराचे प्रदर्शन ही दुसरी बाजू. मधली रेषा दहावीच्या मुलाला समजेल इतकी सोपी करून सांगता येते.

शिवी, नशा आणि मुली

आता आपल्या बाजूचेही बोलू. संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि त्यावर निवाडा देणे हे शिक्षकाचे काम नाही. ज्या घरात संगीतच नको, तो त्या घराचा प्रश्न आणि त्या भावनेचा आदर आहे. पण वाद्याशिवायही जे गैर आहे, त्यावर तरी आपले एकमत असावे : आई-बहिणीवरून शिव्या, नशेची बढाई, पोरींबद्दल हलके बोलणे. ‘असली’ दिसायचे म्हणून आमच्या वर्गातली सरळ मुले न केलेल्या भांडणांच्या आणि न ओढलेल्या सिगारेटींच्या ओळी लिहितात. गंमत पाहा, ज्या कलेचा पहिला नियम खरे बोलणे, तिच्यात ही पोरे खोटे बोलतात. खरे लिहायचे तर बापाची पंक्चर झालेली रिक्षा आहे, एका खोलीतली सहा माणसे आहेत, मे महिन्यातले 45 अंश आहेत. तेच तर गाणे आहे.

मुलींचा तर विचारच होत नाही. त्याही लिहितात, पण वही दाखवत नाहीत. मुंबईत गोवंडीची, रिक्षाचालकाची मुलगी सानिया मिस्त्री हिजाबमध्ये उभी राहून वस्तीचे प्रश्न रॅपमध्ये मांडते. माही जी आदिवासींचे दुःख गाते. त्यांच्या ओळींना शिवीची गरज पडत नाही.

घरच्यांनी जाणून घ्याव्यात अशा गोष्टी

पैशाचा भाग वालिदैननी समजून घ्यावा. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला साधारणपणे 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहिले जाणे लागते. तिथपर्यंत पोचणारे थोडे. इंटरनेटवरचे ‘फ्री बीट’ बहुतेकदा कमाईसाठी फ्री नसतात. गाणे चालले की हक्काचा दावा येतो. कोणी ‘कंपनी’ करार घेऊन आली तर लक्षात ठेवा : 18 वर्षांखालच्या मुलाने स्वतः केलेला करार कायद्याने शून्य आहे, म्हणून वकिलाला न दाखवता पालकांनीही सही करू नये. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. हे ज्ञान नसल्यामुळेच हुशार पोरे फसतात.

जागेचाही प्रश्न आहे. सुरेश भट सभागृह पोट्ट्यांच्या खिशाला परवडणारे नाही. बागेत दहा पोरे गोल करून उभी राहिली की कोणीतरी हुसकावते, आणि ती पोरे आपल्या वस्तीतली असली की जरा लवकरच. ज्या सुरेश भटांच्या नावाचे ते सभागृह आहे, त्यांनी उर्दूची गझल मराठीत रुजवली. काफिया-रदीफ मराठी कानाला गोड लागले ते त्यांच्यामुळे. रॅपचे यमक म्हणजे काफियाचेच काम, फक्त वेग जास्त.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. उर्दू शायरीत इस्लाहची रीत आहे. शागीर्द शेर लिहितो, उस्तादला दाखवतो, उस्ताद एक शब्द बदलतो आणि शेर उभा राहतो. शागीर्दला त्यात अपमान वाटत नाही. आज पोट्ट्यांना नेमके हेच मिळत नाही. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीच्या सुट्टीत मोहल्ल्यातली एखादी उर्दू शाळा किंवा वाचनालय आठवड्यातून दोन तास खुले करता येईल. एक भाषेचा शिक्षक, एक वकील, एक ज्येष्ठ शायर, आणि मुलींसाठी वेगळा वेळ. नियम एकच : अपलोडच्या आधी एकदा वाचून दाखवायचे. खर्च चहाचा.

आणि घरी? आज रात्री मुलाला इतकेच म्हणा, "बेटा, काय लिहिलंस, ऐकव." आवडले नाही तर तसे सांगा, का आवडले नाही तेही सांगा. पण पूर्ण ऐका.