कागद त्यांच्या कपाटात, जबाबदारी त्यांच्या वकिलाची

भेदभाव कधी स्टॅम्पपेपरवर लिहून केला जात नाही. बढती नाकारताना ‘तू बाई आहेस’ किंवा ‘तू अमक्या जातीचा आहेस’ असे कोणताही साहेब पत्रात लिहीत नाही. तो ते आपसातल्या ईमेलमध्ये लिहितो, व्हॉट्सॲपवर लिहितो, फाइलवरच्या शेऱ्यात सुचवतो. म्हणजेच अन्याय सोसणाऱ्याचा पुरावा अन्याय करणाऱ्याच्या कपाटात बंद असतो. दिवाणी दाव्याचा निकाल पुष्कळदा ते कपाट उघडते की नाही यावरच ठरतो. आमचे म्हणणे असे आहे की, ते उघडले जाईल हे पाहण्याची जबाबदारी कपाटवाल्याच्या वकिलाचीही आहे.

हे म्हणणे हवेतले नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात चाललेला झुबुलेक विरुद्ध यूबीएस हा खटला आपल्या प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचला पाहिजे. लॉरा झुबुलेक या यूबीएस या बड्या वित्तसंस्थेत आशियाई शेअर्सच्या विक्रीचे काम करत. स्त्री म्हणून आपल्याला डावलले जाते, अशी तक्रार त्यांनी ऑगस्ट २००१ मध्ये समान रोजगार संधी आयोगाकडे केली. ऑक्टोबरमध्ये त्यांची नोकरी गेली. २००२ च्या सुरुवातीला त्यांनी दावा लावला.

अमेरिकेत डिस्कव्हरी म्हणून एक टप्पा असतो. खटला उभा राहण्याआधी दोन्ही बाजूंनी मागितलेली संबंधित कागदपत्रे एकमेकांना द्यावी लागतात. यूबीएसने सुमारे १०० पानांचे ईमेल दिले आणि एवढेच आहे असे सांगितले. गंमत अशी की, नोकरी गेलेल्या या एकट्या बाईने स्वतःजवळ राखलेले ईमेलच सुमारे ४५० पानांचे होते! मग एवढ्या मोठ्या संस्थेचे बाकीचे ईमेल गेले कुठे? हळूहळू उलगडा झाला. काही कर्मचाऱ्यांनी ते पुसून टाकले होते, काही बॅकअप टेप सापडत नव्हत्या आणि काही ईमेल मागणीनंतर जवळजवळ दोन वर्षांनी बाहेर आले.

यूबीएसच्या वकिलांनी कागद जपण्याची सूचना दिली नव्हती असे नाही. सूचना दिली होती. पण महत्त्वाच्या सगळ्या माणसांशी ते स्वतः बोलले नाहीत आणि सूचना पाळली जाते का हेही त्यांनी नीट तपासले नाही. २० जुलै २००४ च्या निकालात न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी नेमके यावर बोट ठेवले. पक्षकाराला एकदा सांगून वकिलाची सुटका होत नाही. त्याने ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांना गाठावे, माहिती कुठे आणि कशी साठवली जाते ते समजून घ्यावे, सूचनेची पुन्हापुन्हा आठवण द्यावी आणि पालन होते की नाही यावर लक्ष ठेवावे. नष्ट झालेले ईमेल यूबीएसच्या विरोधात जाणारे होते असे अनुमान काढण्याची मुभा ज्यूरीला मिळाली. एप्रिल २००५ मध्ये ज्यूरीने सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर भरपाईचा कौल दिला.

यावर वकील मंडळींचा ठरलेला आक्षेप असतो : आम्ही पक्षकाराचे पोलीस आहोत काय? नाही. पण वकील हा भाडोत्री पडदाही नाही. पक्षकार वकिलाला विश्वासाने काय सांगतो आणि वकील त्याला काय सल्ला देतो, हे गुप्त राहिलेच पाहिजे. मात्र ऑफिसातली फाइल वकिलाने पाहिली म्हणून ती गुप्त होत नाही. अमेरिकेत तर डिस्कव्हरीच्या उत्तरावर वकिलाला स्वतः सही करावी लागते आणि पुरेशी चौकशी करूनच ती सही केली आहे असे कायदा धरून चालतो. सही करायची आणि आत काय आहे ते बघायचे नाही, याला वकिली म्हणता येणार नाही.

तिथेही वारा एकाच दिशेने वाहिलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१५ च्या नियमदुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक माहिती केवळ हलगर्जीने नष्ट झाली तर असे प्रतिकूल अनुमान काढता येत नाही, हेतू दाखवावा लागतो. हेतू सिद्ध करण्याचे ओझे पुन्हा दुबळ्याच्या डोक्यावर आले. म्हणून तर वकिलाने आधीच लक्ष ठेवणे अधिक गरजेचे झाले.

आता आपल्याकडे पाहू. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला अकरावा आदेश कागद उघड करण्याबद्दलच आहे. कोर्टाचा हुकूम मोडणाऱ्या वादीचा दावा फेटाळता येतो, प्रतिवादीचा बचाव रद्द करता येतो. पण सामान्य दाव्यात त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि आमच्या पाहण्यात असा अर्ज क्वचितच केला जातो. उलट २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालये कायद्याने व्यापारी दाव्यांत हा आदेशच बदलला. तिथे दाव्याशी संबंधित सगळे कागद, ते आपल्या बाजूचे असोत की विरोधात जाणारे, सुरुवातीलाच शपथेवर उघड करावे लागतात. २०१८ पासून ३ लाखांचा व्यापारी वादही या कक्षेत येतो. म्हणजे व्यापाऱ्याला समोरच्याचे कपाट आपोआप उघडून मिळते आणि जातीमुळे डावललेल्या नोकरदाराने मात्र अर्ज घेऊन दारात उभे राहायचे! ही कुठली समानता?

बार कौन्सिलचे नियम वकिलाला सांगतात की, पक्षकाराला लबाडीपासून रोखण्याचा त्याने शक्य तितका प्रयत्न करावा आणि तो ऐकतच नसेल तर त्याचे काम करू नये. नियम पुस्तकात आहे, तो राबवण्याचा आग्रह कोण धरणार? तो आपणच धरला पाहिजे. दावा लावण्याआधीच समोरच्याला लेखी नोटीस द्या : अमुक ईमेल, अमुक हजेरीपट, अमुक सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा. अकराव्या आदेशाखालचा अर्ज करायला आपल्या वकिलाला भाग पाडा. कागद दडवला तर प्रतिकूल अनुमान मागा. ती तरतूद जुन्या पुरावा कायद्यात होती, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे.

आणि हा नियम आपल्यालाही लागू आहे. संघटनेच्या ग्रुपवरचे मेसेज घाबरून डिलीट करणारा कार्यकर्ता आपलाच दावा दुबळा करतो. फोन बदलू नका, रागात लिहिलेले आपले मेसेजही पुसू नका, सगळे वकिलासमोर ठेवा. आपल्या बाजूच्या वकिलानेही आपल्याला तेवढ्याच कडकपणे विचारले पाहिजे. जो स्वतःचे कपाट उघडे ठेवतो, त्यालाच समोरच्याच्या कपाटाची किल्ली ताठ मानेने मागता येते.