जिन्याखाली माल, दाराला कुलूप

24 नोव्हेंबर 2012 रोजी ढाक्याजवळ आशुलिया येथे ताजरीन फॅशन्स या तयार कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. किमान 112 कामगार मेले, त्यांत बहुतेक बाया. आग तळमजल्यावर लागली, जेथे सूत व कापडाचे गठ्ठे रचले होते. सगळे जिने त्याच मजल्यावर उतरत होते. बाहेरून एकही जिना नव्हता. घंटा वाजली तेव्हा कामगार उठले, पण साहेब लोकांनी त्यांना पुन्हा मशीनवर बसवले. दारांना कुलपे होती.

आग लागणे तकदीर म्हणता येईल. पण कुलूप तकदीर लावत नाही, माणूस लावतो.

आपल्या भिवंडी-मालेगावच्या कारखानदार बांधवांनी आपापला जिना एकदा बघावा. धंद्यात नफा उरत नाही, खर्च कुठून करायचा, असे म्हटले जाते. ते खोटे नाही. परंतु जिन्याखालचे गठ्ठे हलवायला पैसा लागत नाही. पाळी चालू असताना कुलूप काढून दारावर एक माणूस बसवला तरी चोरी थांबते.

पुढे राणा प्लाझा कोसळल्यावर मे 2013 मध्ये परदेशी खरेदीदार व कामगार संघटना यांच्यात करार झाला. तपासणीनंतरही जे कारखाने सुधारले नाहीत, त्यांचे काम बंद झाले. म्हणजे निष्काळजीपणा धंद्यालाही परवडत नाही.

मालाचा विमा उतरवता येतो. कारीगर मात्र आपल्याकडे त्याच्या घरच्यांची अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब द्यावाच लागतो.