चांदीच्या पाण्याचा निळा रंग

गेल्या महिन्यात विहारातून बाहेर पडताना वस्तीतल्या एका ताईंनी मला थांबवले. "दादा, हे घरी करता येईल का?" मोबाइलवर व्हिडिओ होता. नऊ व्होल्टच्या तीन चौकोनी बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या, दोन वायरींच्या टोकांना चांदीच्या तारा आणि त्या तारा काचेच्या ग्लासातल्या पाण्यात सोडलेल्या. थोड्या वेळात 'कोलॉइडल सिल्व्हर', म्हणजे चांदीचे पाणी तयार. खोकला, जुलाब, डेंग्यू, साखर, कॅन्सर, सगळ्यांवर एकच औषध, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. ताईंच्या मालकांना तीन आठवडे खोकला आहे. चांदीची तार घरात नव्हती, पण लग्नातले पैंजण होते.

मी लगेच "फेकून द्या" म्हणालो नाही, कारण यंत्र खोटे नाही. तीन बॅटऱ्यांचे सत्तावीस व्होल्ट होतात. वीज पाण्यातून जाऊ लागली की धन टोकाच्या तारेतली चांदी सुटून पाण्यात उतरते. चांदी जंतू मारते हेही खरे. जर्मनीतले डॉ. क्रेडे १८८०च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालू लागले आणि असंख्य बाळांची दृष्टी वाचली. भाजलेल्या जखमेवर दवाखान्यात जे पांढरे मलम लावतात, त्यातही चांदी असते. पण डोळ्यातला थेंब आणि जखमेवरचे मलम वेगळे, आणि पोटात घेतलेले पाणी वेगळे. फिनाइलनेही जंतू मरतात, म्हणून ते कोणी पीत नाही.

आता प्रमाणाचे पाहू. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. चांदीचे पाणी करणारे स्वतःच लिटरला दहा-वीस मिलिग्रॅम सांगतात. म्हणजे शंभर-दोनशे पट. कोणी म्हणेल, आम्ही तर चमच्यानेच घेतो. ठीक आहे, हिशेब करा. दहा मिलिग्रॅमच्या पाण्याचे दिवसाला चार लहान चमचे घेतले, तर मर्यादेला टेकलेले दोन लिटर पाणी दिवसभर पिण्याइतकी चांदी पोटात जाते. इथवर फार बिघडले असे मी म्हणणार नाही. पण ग्लासात दहा आहे की शंभर, हे तुम्हाला कोण सांगणार? बॅटरी नवी की जुनी, तारा किती जवळ, पाणी नळाचे की बाटलीचे, वेळ किती, यावर सगळे बदलते. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यात वीज जास्त वाहते आणि पांढुरका गाळ धरतो. पैंजणात तर तांबे असते, डाग दिलेला असतो, तेही त्यात उतरणार. शिवाय गुण आला नाही की माणूस चमच्यावरून पेल्यावर जातो.

अमेरिकेत हे घडून गेले आहे. माँटाना राज्यातले स्टॅन जोन्स हे लिबर्टेरियन पक्षाचे राजकारणी. २००० साल उजाडताच कॉम्प्युटर बंद पडतील, अँटिबायोटिक मिळेनाशी होतील, या भीतीने ते १९९९पासून घरीच चांदीचे पाणी करून पिऊ लागले. कॉम्प्युटर चालू राहिले, औषधेही मिळत राहिली. २००२ साली ते सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा त्यांचा चेहरा निळसर राखाडी झाला होता. पॉल करासन नावाचे दुसरे गृहस्थ चेहऱ्यावरच्या त्वचेच्या त्रासासाठी हेच पाणी घरी करून पीत आणि तोंडाला लावत. २००८ साली ते टीव्हीवर दिसले आणि 'निळा माणूस' म्हणून जगभर ओळखले गेले. २०१३ साली वारले, तोवर रंग उतरला नव्हता.

या विकाराला आर्जिरिया म्हणतात. पोटात गेलेली चांदी कातडीत साठते आणि जुन्या फोटोच्या फिल्मसारखी उजेडाने काळवंडते. म्हणून चेहरा, मान, हात आधी रंगतात. दिवसभर उन्हात राबणाऱ्याला, नाक्यावर उभे राहणाऱ्याला, त्याचा फटका जास्त. हिरड्या आणि नखेही निळसर होतात. ती चांदी बाहेर काढणारी गोळी नाही. १९९९ सालीच अमेरिकेच्या औषध खात्याने ठरवले की, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या औषधांत चांदी सुरक्षित वा गुणकारी मानता येत नाही. तरी २०२० साली कोरोना आला आणि तिथल्या टीव्हीवर एका धर्मोपदेशकाच्या कार्यक्रमात चांदीचे द्रावण विकायला निघाले. सरकारला पुन्हा नोटिसा काढाव्या लागल्या.

रंगाचे एकवेळ सोडा. मला जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. पोटात चांदी असली की काही औषधे नीट शोषली जात नाहीत, थायरॉइडची गोळी त्यातलीच. डॉक्सीसायक्लिनच्या जातीची अँटिबायोटिकही त्यातच मोडतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोसाठी हीच डॉक्सीसायक्लिन देतात. म्हणजे खरी गोळी घेऊनही वाया जाणार.

आणि वेळ जातो तो वेगळाच. जोन्स औषधे संपतील या भीतीने वायरी जोडत बसले. आपल्याकडे ती भीती काल्पनिक नाही. ओपीडीच्या रांगेत अर्धा दिवस जातो, मजुरी बुडते, खिडकीवरचा माणूस खेकसतो, एखादे औषध "बाहेरून आणा" म्हणून सांगतो. खासगीत गेले तर सलाईन लावल्याशिवाय सोडत नाहीत. असे हाल झालेला माणूस तीन बॅटऱ्यांवर विश्वास ठेवतो, तर शिकलेल्यांनी त्याला हसू नये. व्हिडिओवाल्याने निदान त्याला "आत या, बसा" म्हटलेले असते. माझे म्हणणे एवढेच की, राग दवाखान्यावर असेल तर तो दवाखान्यातच काढावा. लेखी तक्रार करावी, चारजण मिळून जावे. आपल्या फुप्फुसांवर काढू नये.

कारण दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकीची तपासणी, दुसरे काही नाही. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, टीबी निघाला तर औषधेही फुकट. नोव्हेंबर २०२४पासून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला हजार रुपये खात्यावर येतात. दहा बाय दहाच्या खोलीत सहाजण झोपतात तिथे एक महिना चांदीच्या पाण्यात घालवला, तर पोरांनाही लागण व्हायला वेळ लागत नाही. जुलाबाचेही तसेच. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा आशाताईंकडचे पाकीट. एवढ्याने बाळ तरते आणि पैंजण मोडावे लागत नाही.

हे सगळे मी ताईंना पायरीवर उभ्याउभ्याच सांगितले. त्यांनी ऐकले, पण चेहऱ्यावर खात्री दिसली नाही. "पण दादा, ते रांगेत उभे राहायला तयारच होत नाहीत हो." तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मीच त्यांच्या मालकांबरोबर गेलो. रांग होतीच, खेकसणेही झाले. थुंकीची डबी दिली आहे. रिपोर्ट यायचा आहे.