विज्ञान शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुलीला काय सांगावे?

इंदूरला राहणाऱ्या माझ्या पुतणीने गेल्या महिन्यात दूरध्वनीवर विचारले, "काका, मला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचे आहे. बारावीनंतर कोणती पदवी घेऊ?" प्रश्न साधा होता. केंद्र शासनाच्या सेवेत, नियम आणि परिपत्रके चाळण्यातच ज्याचे केस पिकले, अशा माझ्यासारख्याला उत्तर शोधण्यास तीन दिवस लागले. याची मला लाज वाटते. परंतु त्याहून अधिक लाज नियम करणाऱ्यांना वाटावयास हवी.

मार्ग मुख्यतः दोन आहेत. पहिला रुळलेला: विज्ञानाची तीन वर्षांची पदवी आणि त्यावर बी.एड. हे बी.एड. २०१५ पासून एक वर्षाऐवजी दोन वर्षांचे झाले. म्हणजे एकूण पाच वर्षे. दुसरा मार्ग चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा. २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पदवी हीच असावी, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते. ही कल्पना नवी असल्याचा गाजावाजा होतो, पण १९६० च्या दशकातच अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथील प्रादेशिक महाविद्यालयांत असा अभ्यासक्रम सुरू झाला होता. त्यांपैकी भोपाळची संस्था महाराष्ट्र आणि गोवा यांच्यासाठीही आहे, हे किती मराठी पालकांना ठाऊक असते? एक वर्षाचे शुल्क वाचते आणि एक वर्षाचे वेतन आधी हाती येते. हा हिशेब समजण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

पण खरा प्रश्न वर्षांचा नाही, विषयांचा आहे. एनसीईआरटीचे दहावीचे विज्ञानाचे पुस्तक उघडून पाहावे. तेरा प्रकरणांपैकी चार भौतिकशास्त्राची आहेत: प्रकाश, मानवी डोळा, विद्युत् आणि विद्युत् प्रवाहाचे चुंबकीय परिणाम. सीबीएसईच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत त्यांचा वाटा २५ गुणांचा. हे सारे, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांसह, बहुधा एकच शिक्षक शिकवतो. आमची विद्यापीठे मात्र विज्ञानाची फाळणी करून बसली आहेत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हा एक गट. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हा दुसरा. केंद्रीय विद्यालयांच्या २०२२ च्या भरतीत विज्ञानाच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकासाठी हा दुसरा गट आवश्यक होता. ज्याने तीन वर्षे भौतिकशास्त्राचा अभ्यास केला, त्याने गणिताच्या पदासाठी अर्ज करावा. आणि ज्याचा भौतिकशास्त्राशी संबंध बारावीनंतर संपला, त्याने मुलांना ओहमचा नियम समजावून सांगावा! बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरणाऱ्या तुम्हा-आम्हा मराठी कुटुंबांची मुले याच शाळांत शिकतात.

त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. रात्री जागून पुस्तके वाचून हा विषय प्रामाणिकपणे शिकवणारे अनेकजण मी पाहिले आहेत. दोष नियमांचा आहे. भरती नियम कसे जन्मतात हे आम्ही जवळून पाहतो. मागील धारिका मागवली जाते, तिच्यातील पात्रतेचा रकाना जसाच्या तसा उतरवला जातो. केंद्रात भरती नियमांचा दर पाच वर्षांनी आढावा घ्यावा अशा कार्मिक विभागाच्या सूचना आहेत. परंतु माझ्या अनुभवात आढावा म्हणजे बहुधा वेतनश्रेणीचा रकाना बदलणे. वर्गात प्रत्यक्ष काय शिकवले जाते, हे पाहण्यासाठी पाठ्यपुस्तक उघडण्याची तसदी कोण घेतो?

"दहावीचे भौतिकशास्त्र ते काय? कोणीही शिकवील," असे मला एका सहकाऱ्याने ऐकवले. मग शिकवू द्या. विजेच्या तारेवर बसलेल्या पक्ष्याला झटका का बसत नाही, असे एखाद्या मुलीने विचारले, तर ज्याचे ज्ञान पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या ओळीशी थांबते तो शिक्षक म्हणेल, "हे परीक्षेला नाही, खाली बस." विज्ञानाची गोडी मरते ती अशा उत्तरांनी.

अटी सैल केल्या तर दर्जा घसरेल, हा दुसरा आक्षेप. मी अटी सैल करा असे म्हणतच नाही, उलट कडक करा म्हणतो. भौतिक, रसायन आणि जीव या तीन शास्त्रांपैकी कोणतीही दोन पदवीला असावीत. तिसऱ्याची पदवीच्या प्रथम वर्षाच्या पातळीची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा उमेदवाराने द्यावी. एकात्मिक अभ्यासक्रमांतही हीच दोन गटांची वाटणी आढळते. तेथे निदान पहिली दोन वर्षे तिन्ही शास्त्रे सक्तीची करावीत. हे केले नाही तर चार वर्षांचा अभ्यासक्रम म्हणजे जुन्याच दुखण्यावर नवी पट्टी.

बी.एड. महाविद्यालयांविषयी थोडक्यात सांगतो. दहा हजारांहून अधिक असलेल्या स्वतंत्र अध्यापक शिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गांभीर्याने काही शिकवत नसून पदव्या विकत आहेत, असा न्यायमूर्ती वर्मा आयोगाच्या २०१२ च्या अहवालाचा निष्कर्ष खुद्द २०२० च्या धोरणाने नोंदवला आहे. ज्या बाजारात ग्राहकाला माल पारखता येत नाही, तेथे वाईट माल चांगल्याला हुसकावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले. त्यांना २००१ साली नोबेल मिळाले. आम्हाला अद्याप शहाणपण मिळावयाचे आहे.

पुतणीला मी इतकेच सांगितले: ज्या शाळांत शिकवायचे आहे त्यांच्या मागील भरतीच्या जाहिराती आधी वाच, विषय मग निवड. एकात्मिक अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा अवश्य दे. प्रयोगशाळा स्वतः पाहिल्याखेरीज कोठेही शुल्क भरू नकोस. पदवीत जे शास्त्र सुटेल ते स्वतःच्या बळावर शिक.

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "पण काका, मला भौतिकशास्त्रच सर्वांत जास्त आवडते. विज्ञान शिकवता यावे म्हणून तेच सोडू?"

या प्रश्नाचे उत्तर काकाने द्यावयाचे नाही. ते ज्यांच्या टेबलावर भरती नियमांची धारिका आहे त्यांनी द्यावयाचे आहे.