मापाची लाज कशाला?

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावात हायस्कूलचं मोठं ग्राउंड आहे. पहाटे साडेपाचला पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली तिथं पळायला येतात. आमच्या महिला मंडळातर्फे त्यांना मोड आलेली मटकी आणि गूळ-शेंगदाणे देतो, म्हणून आठवड्यातून दोनदा माझीही फेरी तिकडे होते. मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. त्याला मार्क असतात, एकेका सेकंदाला किंमत असते. त्यातली एक मुलगी, वय एकोणीस, अंगाने भरलेली, नेहमी एक हात छातीशी धरून पळायची. शिकवणारे सर लांबून ओरडायचे, "हात सोड, हात हलव!" हात सोडला की तिचा वेग वाढायचा आणि पन्नास पावलांवर हात पुन्हा छातीशी.

एक दिवस तिला बाजूला घेतलं. आधी काही बोलेना. मग खाली बघत म्हणाली, "काकू, दुखतंय. रात्री कुशीवर झोपता येत नाही." तेव्हा कळलं, की ती एकावर एक दोन ब्रा घालते आणि वरून ओढणी करकचून बांधते. साहजिकच श्वास पुरत नाही आणि शेवटच्या दोनशे मीटरला ती मागे पडते. घरी सांगितलंस का, विचारलं. आई म्हणाली होती, "दुखतंय तर पळू नको."

त्या आईला मी दोष देणार नाही. आपल्यापैकी किती जणींनी याहून वेगळं उत्तर दिलं असतं? हा विषय आपण साड्यांच्या खाली वाळत घालतो तसाच मनातही खालीच ठेवतो. माझी आई त्याला 'बॉडी' म्हणायची आणि तो शब्दही ती हळू आवाजात उच्चारायची.

मी त्या मुलीला घेऊन बाजारपेठेतल्या दुकानात गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, "छत्तीस" म्हणाले आणि खोका पुढे सरकवला. खोक्यावरच्या बाईला फोमचे जाड कप आणि लेस. "पळण्यासाठी काही आहे का?" असं विचारल्यावर त्यांनी अजून जाड फोमवाली दाखवली. मी तरी काय मोठी शहाणी! वीस वर्षं मीसुद्धा खोक्याकडे बोट दाखवून, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून घेऊन येणारीच. खांद्यावर पट्ट्यांचे खोल वळ पडलेत, ते वयाचे आहेत असं समजत होते.

डोळे उघडले ते माझ्या भाचीमुळे. ती इचलकरंजीला टेक्स्टाईल शिकली आणि आता तमिळनाडूत तिरुपूरला होजियरीच्या कारखान्यात काम करते. तिरुपूर म्हणजे आपल्या देशातलं बनियन, टी-शर्टचं माहेरघर. सुट्टीला आली तेव्हा मी हा किस्सा सांगितला. तिने शांतपणे माझं अर्धवट विणलेलं स्वेटर उचललं आणि विचारलं, "मावशी, ही बॉर्डर तू वेगळी का विणलीस?"

आता हे काय विचारणं झालं? बॉर्डर दोन सुलट, दोन उलट अशीच विणतात, सुईसुद्धा एक नंबर बारीक घेतात. नाहीतर स्वेटर कमरेला धरणार कसं? "बस," ती म्हणाली, "चांगली ब्रा म्हणजे हेच. एकाच कपड्यात जिथं धरायचं तिथं वेगळी वीण, जिथं सोडायचं तिथं वेगळी."

मराठीत आपली एक गंमत आहे. शेलाही विणायचा आणि स्वेटरही विणायचं, शब्द एकच. पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांवरून जातात, ते ताणलं तर ताणत नाही. म्हणून तर ब्लाऊजला टक्स घालावे लागतात, कटोरीचे तुकडे कापून जोडावे लागतात. आकार कात्रीने येतो. सुयांवरच्या विणकामात मात्र एका टाक्यातून दुसरा टाका काढलेला असतो. तो टाका ओढला की लांबतो, सोडला की परत येतो. इथे आकार विणीतूनच आणता येतो, कात्री कमी लागते.

आणि मैत्रिणींनो, ही सगळी विद्या आपल्या हातात आहेच, फक्त आपण तिचा असा विचार केलेला नाही. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणलं की साधं, मऊ कापड होतं, ते आडवं जास्त ताणतं आणि कडेला गुंडाळतं. सुलट-उलट टाके शेजारी घेतले की उभ्या पट्ट्या आत ओढल्या जातात आणि कापड रबरासारखं अंगाला धरतं. मोज्याची टाच विणताना आपण एक टाका विणतो आणि एक नुसता उचलून पुढे नेतो. त्याने कापड दाट होतं, ताणत नाही, टाच लवकर फाटत नाही. याउलट टाका न विणता त्यावर दोरा ठेवला आणि पुढच्या ओळीत दोन्ही मिळून विणले, तर कापड जाड, फुगीर आणि रुंद होतं. वेणीची नक्षी घातली की रुंदी कमी होते, म्हणून आधीच चार टाके जास्त घालतो. जाळीची नक्षी घातली की वारा जातो. दोरा तोच, सुया त्याच. टाका बदलला की कापडाचा स्वभाव बदलतो.

मशीनही हेच करतं. इटलीतल्या सांतोनी या कंपनीची गोल मशीन यासाठी प्रसिद्ध आहेत. अंगाच्या घेराएवढा गोल, त्यावर हजाराच्या वर बारीक सुया आणि कोणत्या सुईने कोणत्या ओळीत टाका विणायचा, कोणत्या सुईने धरून ठेवायचा, कोणत्या सुईने सोडून द्यायचा हे कॉम्प्युटर सांगतो. खालच्या पट्टीला उलट-सुलट धाटणीची घट्ट वीण. कपाच्या खाली आणि कुशीच्या बाजूला टाके सोडून केलेली दाट, कमी ताणणारी वीण. कपावर मऊ वीण, म्हणजे दाबलं जात नाही. पाठीवर, जिथं घाम साठतो, तिथं जाळी. मशीनमधून नळीसारखा एक अख्खा कपडा बाहेर पडतो, गळा आणि बाह्या कापून शिवल्या की झालं. कडेची शिवणच नसल्यामुळे काखेत टोचत नाही. सोबत इलास्टेनचा बारीक धागा घातलेला असतो, ज्याला आपण लायक्रा म्हणतो. हा धागा अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत १९५८ साली तयार झाला. त्याआधी ताणासाठी रबराचा धागा असायचा, तो घामाने आणि उन्हाने चिरडून जायचा.

एवढा खटाटोप का? कारण स्तनांना स्वतःला उचलून धरणारा स्नायूच नसतो. वरची त्वचा आणि आतले नाजूक तंतू यांच्यावरच सगळा भार. त्या तंतूंना 'कूपरचे बंध' म्हणतात. अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८४० साली स्तनांच्या रचनेवर आख्खा ग्रंथ लिहिला, त्यात त्यांचं वर्णन आहे. पळताना छाती नुसती वर-खाली हलत नाही. बाजूला आणि पुढे-मागेही हलते, सगळं मिळून आडव्या आठाच्या आकड्यासारखी. इंग्लंडमधल्या पोर्टस्मथ विद्यापीठात यावर अभ्यास करणारा गटच आहे. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये पळालेल्या बायकांना विचारलं, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जणींनी छातीत दुखण्याचा त्रास सांगितला. म्हणजे आमची मुलगी नाजूक नव्हती, नाटकी तर मुळीच नव्हती.

पळणाऱ्या बाईसाठी म्हणून पहिली ब्रा निघाली ती १९७७ साली, अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात. लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी ती केली. त्यांनी पुरुष खेळाडू घालतात ते दोन सपोर्टर घेतले आणि एकमेकांना शिवून टाकले! वाचून मला आधी हसू आलं, मग राग. आपल्याकडच्या पैलवानाला पिढ्यान् पिढ्या लंगोट आहे, त्याची कुणाला लाज नाही. बाईच्या बाबतीत मात्र 'दुखतंय तर पळू नको'.

आपल्या आज्या-पणज्यांचं बघा. नऊवारी नेसून शेतात दिवसभर वाकायच्या. त्यांची चोळी छातीखाली गाठ मारून घट्ट बांधलेली असायची. आज शास्त्र सांगतं, की भार पेलायचा तो मुख्यतः छातीखालच्या पट्टीने, खांद्याच्या पट्ट्यांनी नव्हे. त्यांची ती गाठ म्हणजे खालची पट्टीच होती की! चोळी जाऊन ब्लाऊज आला, आत ब्रा आली आणि खालची पट्टी सैल झाली. का सैल? कारण आपण माप घेत नाही. कप लहान पडला की आपण मोठा नंबर मागतो. चौतीसची छत्तीस होते, छत्तीसची अडतीस. त्याने घेर वाढतो, पट्टी पाठीवर वर चढते आणि सगळा भार खांद्यावर येतो. खरं तर घेर तोच ठेवून पुढचं अक्षर बदलायला हवं असतं, बी चं सी, सी चं डी. माझे खांद्यावरचे वळ असेच आले.

माप घेणं अगदी सोपं आहे. शिवणाचा टेप घ्यायचा. श्वास सोडून छातीच्या लगेच खाली घट्ट माप, मग सर्वांत भरलेल्या भागावर सैलसर माप. पहिल्यावरून घेर ठरतो, दोन्हींतल्या फरकावरून कप. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो, म्हणून ही दोन मापं चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा आणि तक्ता मागा. दुकानात वस्तू उलटी करून बघा. खालची पट्टी दोन्ही हातांत धरून आडवी ताणा, ती जोर मागते का आणि सोडल्यावर लगेच परत येते का? कप आणि पट्टी सारखेच ताणत असतील, तर ती वीण भार धरणार नाही. फोमला भुलू नका, फोम आकार देतो, आधार देत नाही. घातल्यावर दोन्ही हात वर करा. पट्टी जागेवर राहिली पाहिजे आणि तिच्याखाली दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत. नवीन असताना सर्वांत सैल हुकाला बसली पाहिजे, कारण पुढे ती सैल पडणारच आहे, तेव्हा आतले हूक कामाला येतात.

धुताना गरम पाणी आणि ब्लीच नको, त्याने इलास्टेनचा धागा मरतो. पिळूनही काढू नका. आणि हो, मोकळ्या हवेत वाळत घाला. ओलसर कपडा साडीखाली लपवून आंबट वासाचा होतो, तोच अंगात घालायचा आणि मग खाज सुटली की डॉक्टरांकडे जायलाही लाजायचं. हे दुष्टचक्र मी मंडळात इतक्यांदा पाहिलंय, की आता मी स्वतःच्या गच्चीवर सगळं उघड वाळत घालते. शेजारच्या वहिनींनी पहिले दोन दिवस नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्याही दोरीवर दिसू लागलं.

माझं म्हणणं एवढंच नाही, की बायकांनी धीट व्हावं. धीट होऊन जायचं कुठे? तालुक्याच्या गावात बाई विक्रेती असलेलं, घालून बघायला आडोसा असलेलं किती दुकानं आहेत? भरतीचे क्लास मुलींकडून फी घेतात, बुटांची यादी देतात, त्या यादीत ही वस्तू का नाही? शाळा-कॉलेजांत मुलींना पाळीबद्दल आता सांगतात, ही चांगली गोष्ट आहे. त्याच तासाला टेप घेऊन माप शिकवायला पाच मिनिटं लागतील. आणि बचतगटाच्या भगिनींनो, पापड-लोणच्याच्या पलीकडे जाऊन चांगला माल होलसेलने आणून घरोघर मापासकट विकता येईल. यात लाज नाही, धंदा आहे.

भाचीने परत गेल्यावर दोन पीस पाठवून दिले. खाली घट्ट पट्टी, बाजूला दाट वीण, पाठीवर जाळी. मुलीच्या आईला आधी पटेना. मी घरी जाऊन स्वेटर आणि ती ब्रा शेजारी-शेजारी ठेवली, बॉर्डरवर बोट ठेवून समजावलं. त्या माउलीनेही तरुणपणी विणकाम केलेलं. तिने पट्टी ताणून बघितली, सोडली, परत ताणली.

मुलगी आता दोन्ही हात हलवत पळते. भरतीचं काय होईल ते होवो, वेळ मात्र कमी झालाय. त्या दिवशी निघताना मी चप्पल घालत होते, तर तिची आजी ओसरीवरून म्हणाली, "माझंबी माप घे की गं. भांगलायला वाकलं की लई वढ बसतीया." टेप पर्समध्येच होता.